तार एकाची, सेवा दुसऱ्याची: आक्षेप कितपत खरे?

इंटरनेटची तार टाकणारी कंपनी आणि त्या तारेवरून सेवा विकणारी कंपनी वेगळी असावी, या सूचनेविरुद्ध एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. तार सगळ्यांना वापरू द्यायची असेल तर ती टाकायला कोणी पैसा घालणार नाही, स्पर्धा तर आहेच, आणि बिघाड झाला की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतील, असे त्यात म्हटले आहे.

पहिला आक्षेप न्यूझीलंडपुढे टिकत नाही. सरकारी फायबर योजनेत उतरणाऱ्याला ग्राहकांना थेट सेवा विकता येणार नाही, अशी अट तिथे होती. म्हणून टेलिकॉम न्यूझीलंड ही जुनी बलाढ्य कंपनी 2011 साली दुभागली, जाळे कोरस या नव्या कंपनीकडे गेले आणि ग्राहक मूळ कंपनीकडे राहिले. 2022 च्या अखेरीस सुमारे 87 टक्के लोकसंख्येसाठी फायबर उपलब्ध झाले. त्यात सरकारी पैसा होता, हे मान्यच आहे. पण कोरसनेही स्वतःचा पैसा घातला, कारण सेवा कोणीही विको, तारेचे भाडे तिलाच मिळते. आज तिथे वीज कंपन्यासुद्धा ब्रॉडबँड विकतात.

‘स्पर्धा आहेच’ हे वाचून मात्र हसू आले. आमच्या सोसायटीच्या डक्टमध्ये एकाच नेटवाल्याची फायबर आहे. दुसऱ्याला यायचे तर समितीचे ना-हरकत पत्र, गच्चीवरून नवी केबल आणि मजल्यामजल्यावर नवे भोक. शहरात दहा कंपन्या असतील, माझ्या दाराशी एकच आहे. याउलट मुंबईच्या उपनगरांत 2009 पासून अनेक घरांनी रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेतली. अधिभारावरून पुढे वाद झाले, पण त्यासाठी रस्ता पुन्हा खोदावा लागला नाही.

बोट दाखवण्याची भीती अगदीच खोटी नाही. न्यूझीलंडमध्ये ग्राहक आपल्या सेवा कंपनीलाच फोन करतो आणि तारेचा दोष असेल तर ती कोरसकडे तक्रार नोंदवते. ही जबाबदारी नियमात स्पष्ट लिहावी लागते. खरी अडचण त्या मजकुरात आलेलीच नाही: ऑस्ट्रेलियात एनबीएन या सरकारी ब्रॉडबँड कंपनीचे जाळे वेगळे ठेवूनही घाऊक दर, म्हणजे सेवा कंपन्यांनी जाळ्यासाठी द्यायचे भाडे, एका वेळी किती डेटा वाहून नेता येईल त्या क्षमतेनुसार आकारल्यामुळे सेवा कंपन्या क्षमता जपून विकत घेत, आणि संध्याकाळी वेग मंदावे. वाद घालायचा तर या घाऊक दरावर घालावा.