बाळाला दुखतं, काकू

रविवारी कोथरूडला ताईच्या लेकीचं बारसं आहे. परवा ताईच्या सासूबाईंनी, म्हणजे काकू तुम्हीच, घरच्या ग्रुपवर फिरत आलेला मेसेज टाकला : 'बाराव्या दिवशीच कान टोचा. तान्ह्या बाळाच्या नसांवर आवरण नसतं, मेंदू कच्चा असतो, त्यामुळे वेदना कळतच नाहीत. बाळ रडतं ते घाबरून, आणि रडल्याने छाती मजबूत होते.' रात्री अकराला ताईचा फोन, "खरंय का गं हे?"

नाही. काकू, कान टोचायला माझा विरोध नाही, माझेही बाराव्यालाच टोचलेत. पण 'कळत नाही' हे साफ खोटं आहे.

बाळाच्या बऱ्याच नसांवर मायलिनचं आवरण पुरतं चढलेलं नसतं, एवढं मान्य. पण आवरणाने संदेश फक्त वेगाने जातो. ते नसलं म्हणून अडत नाही. तव्याचा चटका बसल्यावर मागाहून जी आग होत राहते, ती मेंदूपर्यंत नेणाऱ्या बारीक नसांवर तुमच्या-माझ्या अंगातही जन्मभर मायलिन नसतं. मग तुम्हाला चटका कळत नाही का? आणि बाळाच्या कानापासून मेंदू असा कितीसा लांब! उलट, मेंदूकडून खाली येऊन वेदनेला आवर घालणारी यंत्रणाच या वयात कच्ची असते.

हाच समज एकेकाळी डॉक्टरांचाही होता. १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांवर जेमतेम भूल देऊन शस्त्रक्रिया होत. १९८७ साली डॉ. कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी नेहमीच्या हलक्या भुलेसोबत फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, काहींना दिलं नाही. न दिलेल्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी वाढली, नंतरची गुंतागुंतही जास्त झाली. न कळणाऱ्या वेदनेने हे झालं?

'घाबरून रडतं' म्हणे. ताईच्या लेकीला बीसीजीची सुई टोचली तेव्हा मी शेजारी उभी होते. आधी भुवया आक्रसल्या, डोळे गच्च मिटले, नाकापासून ओठापर्यंतची घडी खोल गेली, आणि मग आवाज फुटला. भुकेला ती अशी रडत नाही.

छाती मजबूत होण्याच्या गोष्टीवर मी वेळ घालवत नाही.

टोचायचेच असतील तर आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. टोचण्याआधी ताईला तिला अंगावर घेऊ द्या आणि टोचतानाही तिथून काढू नका. पाजताना सुई कमी दुखते. बाळ नीट प्यायला लागेपर्यंत सोनारकाकांना बाहेरच्या खोलीत चहा द्या.