रांजणवाडी, मुक्काम पोस्ट पापणी

नाव ऐकून रांजणगावच्या अलीकडचा एखादा एसटीचा थांबा वाटावा. प्रत्यक्षात रांजणवाडी पापणीच्या कडेला रातोरात वसते आणि सकाळी दात घासताना आरशात दिसते. पोट बिघडलं तर लपवता येतं, गुडघ्यावर धोतर-पँट असते. ही बया मात्र थेट तोंडावर. त्यामुळे ज्याला तोंड आहे तो उपाय सांगतो.

लवंग उगाळून लाव. खारकेची बी उगाळून लाव. सोन्याची अंगठी घासून गरम कर आणि टेकव. तळहातावर बोट घास आणि त्याची ऊब दे. यातलं ऊब देणं अगदी बरोबर आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण बोटाची ऊब टिकते दोन सेकंद आणि बोटावरचे जंतू राहतात मुक्कामाला. रांजणवाडी करणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू आपल्याच कातडीवर आणि आपल्याच नाकात नांदत असतो. बोट आधी कुठे फिरून आलं, याचा हिशेब कोण ठेवतो? लवंगेचं तेल तर डोळ्यात गेलं की रांजणवाडीचा विसर पडतो, इतकी आग होते.

आधी पाहुणा कोण आला आहे ते नीट पाहावं. पापणीच्या केसाच्या मुळाशी, लाल, ठणकणारी, दोन-तीन दिवसांत पिवळं तोंड धरणारी पुळी असेल तर ती रांजणवाडी. कडेपासून जरा आत, वाटाण्यासारखी टणक आणि दाबलं तरी न दुखणारी गाठ असेल, तर ते कॅलॅझियन. त्यात बहुतेक वेळा जंतू नसतात, नुसतं तुंबलेलं तेल असतं. गाठ नाहीच, पण दोन्ही डोळ्यांच्या कडा लाल आहेत, सकाळी पापण्या चिकटतात आणि केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण दिसतात, तर तो ब्लेफरायटिस. अशा माणसाच्या डोक्यातही पुष्कळदा कोंडा सापडतो.

या तिघांचं मूळ भांडण तेलाशी आहे. वरच्या पापणीत साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30 बारीक तेलग्रंथी एका रांगेत उभ्या असतात. अश्रू लगेच वाळू नयेत म्हणून त्या वर तेलाचा थर देतात. हे तेल घट्ट झालं की ग्रंथीचं तोंड बुजतं. थंडीत खोबरेल तेलाच्या बाटलीचं होतं तेच. त्या बाटलीवर आपण लवंग उगाळत नाही, ती गरम पाण्यात धरतो. पापणीचंही तेवढंच करायचं असतं.

आता शेक. हात साबणाने धुवायचे. स्वच्छ सुती रुमाल गरम पाण्यात बुडवून पिळायचा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचा आणि सोसेल इतकाच गरम असताना मिटलेल्या डोळ्यावर ठेवायचा. 10 ते 15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. खरी गोम इथेच आहे. ओला रुमाल दोनेक मिनिटांत निवतो. पुढची तेरा मिनिटं माणूस डोळ्यावर गार फडकं घेऊन बसतो आणि संध्याकाळी सांगतो, "शेकून काही फरक नाही." शेजारी गरम पाण्याचा थर्मास ठेवावा आणि दर दोन मिनिटांनी रुमाल पुन्हा बुडवावा. तव्यावर रुमाल तापवून देतात तो कोरडा शेक पाठीला उत्तम. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ, ती भाजते. मायक्रोवेव्हमधल्या ओल्या फडक्याचंही तेच, एखादा कोपरा उकळता निघतो. कोणी उकडलेलं अंडं फडक्यात गुंडाळून टेकवायला सांगतं; ते खाण्यासाठी असतं.

माझा राग अंगठीवर नाहीच, तो या पंधरा मिनिटांवर आहे. एका डोळ्यावर फडकं घेऊन मोबाइल धड पाहता येत नाही, मालिका अर्धीच दिसते आणि घरातलं कोणीतरी नेमकं तेव्हाच गॅस बंद करायला हाक मारतं. तरी दिवसाचा पाऊण तास काढावाच लागतो.

गाठ किंवा ब्लेफरायटिस असेल तर शेकानंतर लगेच, तेल पातळ असतानाच, हलका मसाज करावा. वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे दोन्हीकडून केसांच्या दिशेने. कणीक मळल्यासारखं नाही. मग कडा पुसायच्या. अर्धा कप कोमट पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब, त्यात भिजवलेला कापूस, डोळा मिटलेला, प्रत्येक डोळ्याला नवा कापूस. ब्लेफरायटिस कायमचा जात नाही, तो ताब्यात राहतो. दात घासणं जसं सोडत नाही, तसं हेही सोडायचं नाही.

ठणकणारी पुळी मात्र मसाजाला देऊ नये, आणि पिळू तर अजिबात नये. पिळली की पू आतल्या बाजूला पसरतो. काजळ, लेन्स बंद. उघडी काजळाची डबी फेकून द्यावी, नाहीतर रांजणवाडी त्याच डबीतून परत येते. कपाटातले मागच्या वर्षी डोळे आले तेव्हाचे थेंबही नकोत. त्यात स्टेरॉइड असेल तर डोळ्याचा दाब वाढू शकतो, आणि बाटली उघडून महिना झाला की ती तशीही टाकायचीच असते.

रांजणवाडी बहुधा आठवड्याभरात आपण होऊन फुटते आणि बसते. कॅलॅझियनला आठवडे, कधी महिनेही लागतात. नाहीच गेलं तर डॉक्टर जागा बधिर करून पापणीच्या आतल्या बाजूने काही मिनिटांत काढतात.

दोन दिवस नीट शेकूनही दुखणं वाढत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. सूज गालावर उतरली, ताप आला, डोळा पुढे आल्यासारखा वाटतो, फिरवताना दुखतो, किंवा अंधुक वा दोन-दोन दिसतं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. इथे विनोद नाही. पुळ्या वरचेवर येत असतील तर रक्तातली साखर तपासावी. आणि उतारवयात त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येते, तिथले केस झडतात, तर तिला कॅलॅझियन म्हणून सोडू नये; क्वचित ती तेलग्रंथीची कर्करोगाची गाठ निघते, म्हणून तुकडा तपासतात.

राहता राहिलं डोळ्याचं लवणं. पुरुषाचा उजवा लवला तर शुभ, बाईचा डावा. पापणीच्या कडेला ही जी बारीक फडफड होते, तिला बहुतेक वेळा अपुरी झोप, ताण आणि चहा-कॉफी कारण असतं; काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत ती थांबते. डोळा पूर्ण मिटायला लागला किंवा गालही ओढला जायला लागला, तर मात्र दाखवावं. एरवी रात्री वेळेवर झोपावं आणि चौथा कप सोडावा. तो सोडायला सांगितलं, की माणूस उजवा डोळाच लवत होता म्हणून सांगतो.