ई नंबरची खुर्ची

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडणाऱ्या एटीआर या छोट्या विमानात मधली खुर्ची हा प्रकारच नसतो. दोन इकडे, दोन तिकडे. भांडण झालंच तर खिडकीवरून. बेंगळुरूला दुबईच्या बोइंग ७७७ मध्ये चढलो तर एका ओळीत दहा खुर्च्या. तीन, चार, तीन. अक्षरं ए पासून के पर्यंत, त्यात आय गाळलेला. तो एकच्या आकड्यासारखा दिसतो म्हणे. गाळायचाच होता तर ई गाळायचा! मधल्या चौघांतली डी गुडघ्यांच्या नावाखाली बायकोने घेतली आणि ई माझ्या वाट्याला आली.

खुर्चीचा डावीकडचा हात लग्नामुळे गेलेलाच होता. उजवीकडच्या हातावर एफवाल्या गृहस्थांनी कोपर ठेवलं होतं. आम्ही बेळगावकर सीमाप्रश्नात मुरलेली माणसं. महाजन आयोग १९६६ साली नेमला, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. तेव्हा मीही घाई केली नाही.

बायकोला ओलांडून संडासाकडे जाणं हा वेगळा घाट. तिथलं दार मध्यभागी ढकललं की दुमडतं, हे पुढे असलेल्या आजोबांना कुणी सांगितलं नव्हतं. ते कडी शोधत होते. सिगारेटला सक्त मनाई, आणि दारालाच राखदाणी! नियमच आहे तसा: कुणी चोरून ओढलीच तर थोटूक कागदी कचऱ्याच्या डब्यात पडून आग लागू नये. नियम करणाऱ्याला माणूस कळतो. बटण दाबल्यावर मात्र जो आवाज झाला, त्याने मी भिंतीला चिकटलो. बाहेर हवेचा दाब कमी, आत जास्त. झडप उघडली की सगळं खेचून टाकीत. पाणी नावापुरतं.

जेवण आलं. वर हवा कोरडी, दाब सहा-आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा. मीठ नि गोड जिभेला कमीच लागतं. बायकोने एक घास खाल्ला आणि पर्समधून पुडी काढली.

"अहो, धरा ट्रे."

शेंगाचटणी. लसणाचा वास तीन ओळी पुढे गेला. एफवाले वळून बघायला लागले.

"लो की जी," बायको म्हणाली, "घर की है."

त्यांनी एका हाताने रोटी तोडून पाहिली, जमेना. कोपर उचललं, दुसरा हातही कामाला लावला. मी तत्क्षणी माझं कोपर टेकलं.

दुबई येईपर्यंत उचललं नाही. लघवीलासुद्धा नाही.