वॉर्मअप म्हणे!

सकाळी सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकाने यादी टाकली. जगातले 10 महान रेसलर. कुठूनतरी फॉरवर्ड होत आलेली. हल्क होगन, अंडरटेकर, आंद्रे द जायंट... दहाच्या दहा डोंगर. मी साधं विचारलं, "यात लायगर कुठाय?" तर साहेबांचं उत्तर: "तो जपानी मुखवटेवाला? ते हलक्या वजनाचे रे. मेन मॅचच्या आधीचा वॉर्मअप." खाली हसून लोळणारे इमोजी.

वॉर्मअप म्हणे. हा माणूस स्वतः जिना चढताना पहिल्या मजल्यावर फोन आल्याचं नाटक करून थांबतो.

ग्रुपवर भांडलो नाही. तिथं कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाचे केक चालू होते. इथं लिहितो, इथली माणसं आपली आहेत. मोठ्याच्या पायाशी बसून छोट्याला हसणारा माणूस तुम्हालाही चीड आणतो, हे मला वेगळं पटवून द्यायला नको.

आपण सगळे त्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, अमेरिकेतल्या त्या कुस्ती कंपनीच्या, पत्त्यांवर वाढलो. "वजन!" म्हणून ओरडायचं आणि योकोझुनाचा पत्ता आपटायचा. डाव तिथंच संपला. ही खोड तेव्हाची आहे.

जपानमध्येही मोठ्यांचाच थाट होता. पण 1978 मध्ये तात्सुमी फुजिनामी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधून ज्युनियर हेवीवेटचा, म्हणजे हलक्या वजनातल्या विजेतेपदाचा, पट्टा जिंकून आला आणि हवा फिरायला लागली. मग 23 एप्रिल 1981. टोकियोतलं कुरामाए कोकुगिकान, सुमोचं जुनं सभागृह. मंगातल्या (जपानी कॉमिकमधल्या) नायकाचा मुखवटा चढवून सातोरू सायामा उतरला, नाव टायगर मास्क. समोर इंग्लंडचा डायनामाइट किड. दहाएक मिनिटांची कुस्ती, पण ती बघा कधीतरी. पब्लिक आधी गप्प, मग नुसता कल्ला. त्या दोघांच्या मारामारीत जो वेग आहे ना, तो तुमच्या दहा डोंगरांना दहा जन्मांत जमायचा नाही.

तेव्हाचा पट्टा डब्ल्यूडब्ल्यूएफच्या नावाचा होता. 1985 मध्ये न्यू जपानचं, म्हणजे जपानमधल्या या कुस्ती कंपनीचं, त्यांच्याशी बिनसलं, पट्टा गेला. मग यांनी स्वतःचा केला. आयडब्ल्यूजीपी ज्युनियर हेवीवेट. 6 फेब्रुवारी 1986 ला टोकियोतल्या र्‍योगोकूच्या सभागृहात शिरो कोशिनाकाने द कोब्राला हरवलं आणि पहिला मान मिळवला. वजन 100 किलोच्या आत हवं. (100 किलो म्हणजे हलका! आमच्या सोसायटीत 100 किलोचा माणूस लिफ्टमध्ये शिरला की बाकीचे पुढच्या फेरीची वाट बघतात.)

आता मला एवढं का झोंबलं ते सांगतो. काहींनी ऐकलंय, परत ऐका.

शाळकरी वयातली गोष्ट. गावची जत्रा, दुपारचं मैदान. रेवड्यांच्या कुस्त्या उरकल्या होत्या आणि माझी जोड लागली होती. अंगावर मांस नव्हतं, पण घिस्सा हा डाव चांगला बसायचा. समोरचा पोरगा शेजारच्या गावचा. खडाखडी झाली, मी पट काढला, तो पालथा. मानेवर गुडघा, हातात लंगोट, घिस्सा बसत आलेला. त्याचा एक खांदा मातीला टेकला होता, दुसरा वीतभर वर. आणि तेवढ्यात पंचाने माझ्या पाठीवर थाप मारली. "सोडवा, सोडवा! बरोबरीत!" का? तर मोठे पैलवान वेशीपाशी आले होते. हलगीवाले आमच्याकडे पाठ करून तिकडे पळाले, फेटेवाली कमिटी त्यांच्या मागे. आम्हा दोघांच्या हातात एकेक नारळ.

वीतभर राहिलं होतं हो!

तर लायगर. केइची यामादा, हिरोशिमाकडचा. शाळेत कुस्ती खेळलेला. उंची कमी म्हणून न्यू जपानने दारातूनच परत पाठवला. पठ्ठ्या मेक्सिकोला गेला, तिथं खायचे वांधे झाले, आणि शेवटी न्यू जपानच्याच माणसांनी त्याला तिथून उचलून आणला. 24 एप्रिल 1989 ला टोकियो डोममध्ये त्याने पहिल्यांदा तो टीव्हीच्या कार्टूनमधला लाल-पांढरा, शिंगांचा मुखवटा घातला. महिन्याभरात हिरोशी हासेला पाडून पट्टा घेतला. (हा हासे पुढे जपानचा शिक्षणमंत्री झाला आणि 2022 मध्ये एका प्रांताचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. वॉर्मअपमधून थेट मंत्रालय.) लायगरने हा पट्टा 11 वेळा जिंकला. 4 जानेवारी 1993 ला जिंकलेला 628 दिवस ठेवला, आणि तोही कुणी हिसकावला नाही. पाय मोडला म्हणून सोडावा लागला.

पण आकड्यांपेक्षा मला त्याचा एक पराभव जास्त आवडतो. 16 एप्रिल 1994, र्‍योगोकू, सुपर जे-कप. कल्पना लायगरचीच: वेगवेगळ्या छोट्या-मोठ्या कंपन्यांतले हलक्या वजनाचे लोक एका रात्रीत एकत्र आणायचे. सेमीफायनलला समोर ग्रेट सासुके. सासुकेची कंपनी म्हणजे मिचिनोकू प्रो, उत्तरेकडच्या आडगावांत खेळ करणारी. सासुके दोरावर उडी मारायला गेला, पाय सटकला, धाडकन आपटला. लायगर उभा राहून टाळ्या वाजवतोय, खिजवतोय. आणि त्याच क्षणी सासुके उठतो, लायगरच्या मानेला पायांचा विळखा घालून त्याला उलटा करतो, आणि तीन मोजून होतात. सगळ्यात मोठं नाव, स्वतः मांडलेल्या मैदानात, बाहेरून आलेल्या एका पोराच्या हातून आडवं. दोन वर्षांनी पट्टाही लायगरकडूनच सासुकेकडे गेला.

हो, निकाल आधी ठरलेला असतो, मला माहीत आहे, नका सांगू. तो कसा ठरवायचा हेही कुणीतरी ठरवतंच ना? आमच्या मैदानातला निकाल कुठं ठरलेला होता, तरी पंचाने काय केलं? तिथं राजा माणूस दुसऱ्याला वर येऊ देण्यासाठी स्वतः पडतो, आणि इथं खऱ्या कुस्तीत एका पोराला शेवटची वीत मिळत नाही.

त्याच सासुकेने ऑगस्ट 1996 मध्ये आठ पट्टे एकत्र केलेली स्पर्धा जिंकली. जे-क्राउन. फायनलमध्ये त्याची कवटी फ्रॅक्चर झाली होती. मग ते आठही अल्टिमो ड्रॅगनने जिंकले. हाही न्यू जपानच्या दृष्टीने "छोटा", हाही मेक्सिकोला जाऊन मोठा झालेला. त्याने त्यात आणखी दोन जमवले. तो फोटो शोधा. खांद्यांवर, हातांवर, कमरेला, जिथं जागा मिळेल तिथं पट्टे, दहा पट्टे. माणूस दिसतच नाही, नुसतं सोनं आणि वर मुखवटा. आमच्या मित्राच्या यादीतल्या एकाचा तरी असा फोटो आहे?

तसे न्यू जपानवालेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. 4 जानेवारीला टोकियो डोममध्ये त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम असतो, तिथं ज्युनियरचा पट्टा बहुतेक वर्षी मधेच कुठंतरी उरकतात. आणि एखादा ज्युनियर जरा गाजला, की त्याला वरच्या वजनात ढकललाच. कोता इबुशी, केनी ओमेगा, शिंगो ताकागी, विल ऑस्प्रे. शिंगोला आणला, 2019 ला ज्युनियरांच्या वार्षिक स्पर्धेत फायनलपर्यंत धावडवला, आणि लगेच वर. म्हणजे हा पट्टा काय एसटी स्टँड आहे का, पुढची गाडी मिळेपर्यंत बसायला?

मान्य, ओमेगा-ऑस्प्रेसारखे वर गेले म्हणून जगाला कळले. बरं. पण खाली राहून मोठं व्हायचं असेल तर?

त्या कुस्तीनंतर रडत तालमीत गेलो तर वस्ताद काय म्हणाले असतील? "दूध-तूप वाढव, वजन आलं की बघू." पंचाचं चुकलं, एवढं एक वाक्य नाही. चांगला माणूस होता, मायेने अंगाला तेल लावायचा. पण त्याच्याही डोक्यात तेच, आधी वजन.

म्हणून मला हिरोमू ताकाहाशी आवडतो. तो उघड सांगायचा, मी ज्युनियर राहूनच हेवीवेटचा किताब घेणार. वजन वाढवून नाही. 7 जुलै 2018 ला अमेरिकेत पट्टा राखताना ड्रॅगन लीबरोबरच्या मॅचमध्ये त्याची मान मोडली. मोडल्या मानेने मॅच पूर्ण केली, जिंकली, आणि मग दीड वर्ष गायब. परत येऊन 4 जानेवारी 2020 ला टोकियो डोममध्ये ऑस्प्रेकडून पट्टा परत घेतला.

दुसऱ्याच दिवशी, तिथंच, लायगरची शेवटची मॅच. लायगरच्या बाजूला नाओकी सानो, जुना जोडीदार आणि जुना वैरी. समोर हिरोमू, आणि हिरोमूच्या बाजूला कोण? तोच ड्रॅगन ली, आता र्‍यू ली या नावाने. ज्याच्या डावात मान मोडली त्याच्याच खांद्याला खांदा लावून. शेवटी हिरोमूने लायगरला पाडलं. लायगर 55 वर्षांचा होता. मी ती मॅच रात्री मोबाइलवर बघितली, आणि बायकोने विचारलं, "काय झालं, कोण गेलं?"

डायनामाइट किड शेवटची वर्षं व्हीलचेअरवर होता. 2018 मध्ये वाढदिवसाच्याच दिवशी गेला. हे लिहिताना आवाज खाली येतो माझा. या लोकांनी अंगाचं जे करून घेतलं ते योग्य होतं असं मी म्हणणार नाही. सायामाच्या त्या उड्या बघून मोठी झालेली पोरं आणखी उंचावरून उड्या मारत गेली, आणि बघणारे आपणच टाळ्या वाजवत होतो. पण निदान टाळ्या वाजवल्यावर त्याला वॉर्मअप तरी म्हणू नये रे.

असो. ज्यांना बघायचंय त्यांनी आधी 4 जून 2018 ची हिरोमू विरुद्ध ताइजी इशिमोरी बघा. ज्युनियरांच्या वार्षिक स्पर्धेची फायनल, कोराकुएन हॉल. छोटंसं सभागृह, लोक अगदी रिंगच्या अंगावर. हीच त्या रात्रीची शेवटची मॅच, अर्ध्या तासाहून जास्त चालते, आणि कुणी मधे येऊन सोडवत नाही. जपानी कॉमेंट्री कळत नाही म्हणू नका. मलाही कळत नाही.