पडलात तर उभे राहू नका: टीम रेसच्या व्हायरल ‘नियमां’चा प्रतिवाद

‘व्हाइटवॉटर टीम रेस: प्रत्येक संघाने पाळायचे नियम’ या मथळ्याचा, म्हणजे नदीच्या वेगवान, फेसाळ पाण्यातल्या सांघिक बोटशर्यतीबद्दलचा, एक लांबलचक मजकूर गेले काही आठवडे व्हॉट्सॲपवर फिरत आहे. त्याखाली लिहिणाऱ्याचे नाव नाही, कोणत्या संघटनेचा दाखला नाही, आणि तरीही ‘अनुभवी प्रशिक्षकांकडून’ एवढ्या दोन शब्दांच्या भांडवलावर तो एका गटातून दुसऱ्या गटात बिनबोभाट पुढे सरकतो आहे. माझ्याकडे तो माझ्या भाचीने पाठवला. ती आणि तिचे दोन मित्र कोलाडला कुंडलिका नदीवर कयाकचा, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या लहान बोटीचा, सराव करतात, तिघांचा संघ म्हणून पहिल्यांदाच शर्यतीत उतरणार आहेत, आणि तिने सोबत लिहिले होते, ‘‘मावशी, यातले चौथे कलम आम्ही तिघांनी पाठच करून टाकले आहे, बरोबर आहे ना?’’ ते चौथे कलम वाचल्यावर गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

मजकुरातले दावे थोडक्यात असे आहेत. संघाची वेळ पहिल्या बोटीवरून धरली जाते, म्हणून सर्वांत वेगवान गड्याला पुढे सोडावे. साथीदार उलटला तरी थांबू नये, कारण त्याला हात लावला की संघ बाद होतो. कोणी मागे राहू नये म्हणून तिघांनी कमरेला एकच दोर बांधावा. बोटीतून बाहेर पडल्यास ताबडतोब तळाला पाय टेकून उभे राहावे, कारण आपल्याकडच्या नद्या कमरेएवढ्याच असतात. लाइफ जॅकेट माणसाला भोवऱ्यात अडकवते, म्हणून ज्याला पोहता येते त्याने ते घालू नये. हेल्मेट नवशिक्यांपुरते आहे. आणि धरणाखालच्या नदीत पाणी माणसाच्या ताब्यात असल्यामुळे तिथे तरणतलावाइतकेच निर्धास्त असावे.

भाचीने पाठ केलेल्या कलमापासूनच सुरुवात करते, कारण काही कलमे फक्त शर्यत घालवतील, हे कलम जीव घेईल. वाहत्या पाण्यात पाय टेकून उभे राहणे ही नदीवरच्या मृत्यूंच्या ठळक कारणांपैकी एक आहे, आणि ते कसे घडते हे नीट समजून घेतले तर कोणीही असा सल्ला देण्यास धजावणार नाही. सह्याद्रीतल्या नद्यांचा तळ म्हणजे बेसाल्टचे धोंडे, त्यांच्यामधल्या कपारी आणि शेवाळलेले उतार. प्रवाहात वाहत जाणारा माणूस पाय खाली सोडतो, पाऊल दोन धोंड्यांच्या फटीत शिरते, आणि त्याच क्षणी मागून येणारे पाणी त्याच्या पाठीवर संपूर्ण जोराने आदळते. पाऊल मोकळे करायचे तर प्रवाहाच्या उलट दिशेला मागे यावे लागते, आणि नेमके तेच पाणी होऊ देत नाही. गुडघा वाकतो, धड पुढे कोलमडते, डोके पाण्याखाली जाते. पाणी कमरेएवढेच असते, किंबहुना कमरेएवढे असते म्हणूनच हे घडते, कारण खोल पाण्यात पाय तळाला पोहोचतच नाहीत. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे धट्टाकट्टा माणूस आपल्या ताकदीवर त्यातून उठून उभा राहील ही समजूत खुळचट आहे. काठावरची माणसे चार हातांवर असूनही पुष्कळदा वेळेत पोहोचू शकत नाहीत, कारण त्यांनाही त्याच प्रवाहातून त्याच धोंड्यांवरून यावे लागते.

अमेरिकन व्हाइटवॉटर या संघटनेने १९५९ साली स्वीकारलेली आणि पुढे सुधारत नेलेली सुरक्षा-संहिता जगभरचे पॅडलर, म्हणजे वल्हेकरी, प्रमाण मानतात, आणि वेगवान पाण्यात उभे राहू नये हे त्या संहितेत स्पष्ट आहे. करायचे ते असे. उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि पायांची बोटे पाण्यावर दिसतील इतकी वर ठेवावीत, म्हणजे समोरचा धोंडा डोक्याला न लागता तळव्यांना लागेल आणि पाऊल फटीत जाणार नाही. हात बाजूला पसरून दिशा धरावी. काठालगतचे शांत पाणी, ज्याला आपण सगळे एडी म्हणतो, ते टप्प्यात आले की पालथे होऊन जिवाच्या कराराने तिकडे पोहावे. उभे राहायचे ते पाणी गुडघ्याखाली आल्यावर, आणि तेही प्रवाह मंदावला आहे याची खात्री करून. याला एकच मोठा अपवाद आहे: समोर पाण्यात आडवे झालेले झाड असेल, तर पाय पुढे करून त्याच्या फांद्यांत जाऊ नये, त्यापासून दूर पोहावे, आणि टाळणे अशक्यच झाले तर डोके पुढे करून जोराने पोहत त्या बुंध्यावर छातीने चढावे. माझ्या भाचीला आणि तिच्या मित्रांना हे पाठ करायचे असेल तर अवश्य करावे, पण आधी मंद प्रवाहात प्रशिक्षकासमोर करून पाहावे.

कमरेला एकच दोर बांधण्याचा सल्ला ज्याने लिहिला, त्याने वाहत्या नदीत तीन बोटी एकत्र जाताना कधी पाहिल्या असतील असे मला वाटत नाही. धोंड्याच्या डावीकडून एक आणि उजवीकडून दुसरा गेला की मधला दोर धोंड्याला अडकतो, आणि दोघेही ताणलेल्या दोराच्या टोकाला पाण्याखाली ओढले जातात. आंतरराष्ट्रीय कॅनो महासंघाच्या स्लॅलम, म्हणजे पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून (गेटमधून) बोट न्यायच्या शर्यतीच्या, नियमांत स्पर्धकाला कोणत्याही क्षणी आपल्या बोटीतून तत्काळ मोकळे होता आले पाहिजे अशी अट आहे. जिथे बोटीलाही बांधून घेता येत नाही, तिथे माणसाला माणूस बांधण्याचा प्रश्नच येत नाही. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. बचावपथकातला माणूस पाठीला दोर लावून पाण्यात उडी घेतो, अशा चित्रफिती खऱ्या आहेत. पण तो दोर कमरेला गाठ मारून बांधलेला नसतो. खास बनावटीच्या जॅकेटवर एक पट्टा असतो, त्याचे बक्कल एका झटक्यात सुटते, काठावर दोर धरणारी माणसे असतात, आणि हे सगळे शिकलेली माणसेच ते वापरतात. स्पर्धकासाठी दोर म्हणजे थ्रो बॅग, दोर भरलेली फेकायची पिशवी. ती काठावरून फेकली गेली की आलेला दोर छातीशी धरावा, खांद्यावरून घ्यावा, उताणे राहावे, आणि तो हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नये.

साथीदाराला हात लावला की संघ बाद, हे कलम खोटे तर आहेच, शिवाय ते वाईट शिकवण देणारे आहे. याच महासंघाच्या नियमांनुसार रोल मारून, म्हणजे बोटीतून बाहेर न पडता गिरकी घेऊन, पुन्हा सरळ होणे हे उलटणे धरलेच जात नाही, आणि सांघिक शर्यतीत साथीदारांनी उलटलेली बोट सरळ करण्यास एकमेकांना मदत केलेली चालते. ही मदत कशी असते हे भाचीच्या संघाने मुद्दाम शिकून घ्यावे. उलटलेला खेळाडू पाण्याखालून बोटीच्या बुडावर हात आपटतो आणि मग दोन्ही हात बोटीच्या कडेने मागेपुढे फिरवत राहतो. साथीदार आपल्या बोटीचे नाक काटकोनात त्याच्या हाताशी आणतो, खालच्याच्या हाताला ते लागते, तो त्यावर भार देऊन कंबर झटकतो आणि डोके सगळ्यांत शेवटी वर आणतो. प्रवाह फार जोराचा नसेल आणि साथीदार हाताच्या अंतरावर असेल तर हे काही सेकंदांत होते. या कलमात अर्धसत्य एवढेच आहे की खेळाडू बोटीतून पूर्ण बाहेर पडला तर ती फेरी गेली असे समजावे, आणि संघाबाहेरच्या कोणाची मदत घेणे नियमात बसत नाही. त्यावरून साथीदाराला बुडताना सोडून पुढे जावे असा अर्थ काढणाऱ्याने शर्यतीचा मुळातला हेतूच उलटा केला आहे. नदीवरच्या लांब पल्ल्याच्या डाउनरिव्हर शर्यतीत तर खऱ्या संकटात सापडलेल्या स्पर्धकाला, मग तो प्रतिस्पर्धी संघाचा का असेना, मदत करणे हे कर्तव्य मानले जाते.

वेळेच्या कलमाला मी याच नियमांनी उत्तर देते. स्लॅलमच्या सांघिक शर्यतीत घड्याळ पहिली बोट सुटताना सुरू होते आणि तिसरी बोट अंतिम रेषा ओलांडते तेव्हा थांबते. तिन्ही बोटी १५ सेकंदांच्या आत रेषेवर यायला हव्यात, नाही तर ५० सेकंदांचा दंड बसतो. गेटच्या खांबाला स्पर्श झाल्याचे २ सेकंद आणि गेट चुकवल्याचे ५० सेकंद तिघांचेही मोजले जाऊन संघाच्या वेळेत मिळतात. म्हणजे सर्वांत वेगवान गडी पुढे निघून गेला तर संघाला त्याच्या वेगाचा काडीचाही उपयोग नाही. खरे कौशल्य लाल-पांढऱ्या, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेने घ्यायच्या गेटपाशी दिसते. तिथली एडी लहान असते, पहिली बोट बाहेर पडत असतानाच दुसरीला आत शिरावे लागते, आणि ती क्षणभर लवकर आली तर तिचे नाक पुढच्याच्या बरगडीत घुसू शकते. दुसरा गडी किती अंतर ठेवतो यावर त्या संघाची सगळी शर्यत उभी असते. महेश्वरला, अहिल्याबाईंच्या घाटांपासून जवळच, नर्मदेच्या सहस्त्रधारेत आपल्या देशातल्या स्लॅलमच्या मोठ्या स्पर्धा होतात. भाचीच्या संघाने तिथे जाऊन एकदा नुसते काठावर उभे राहून पाहिले तरी वरच्या कलमाचा निकाल लागेल.

लाइफ जॅकेटबद्दलच्या दाव्यात, नाइलाजाने कबूल करते, एक खरा धागा आहे. खडकावरून किंवा बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी खाली उलट फिरते, ज्याला होल म्हणतात, आणि त्या उलट्या प्रवाहात तरंगणारी वस्तू पुन्हा पुन्हा पाण्याच्या पडद्याखाली ओढली जाते, तर पुढे वाहून नेणारा प्रवाह बहुतेकदा तळाशी असतो. आपल्याकडच्या कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पावसाळ्यात एकसारखे पडणारे पाणी याच कारणाने अतिशय घातक असते आणि तिथे कोणीही, जॅकेट असो वा नसो, उतरूच नये. पण यावरून जॅकेट घालू नये हा निष्कर्ष निघत नाही. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे ते माणसाला नेहमीइतके तोलून धरत नाही, आणि पट्टीचा पोहणाराही तिथे वर येण्यासाठीच दमून जातो. होलमधून सुटताना कडेच्या दिशेने पोहावे, किंवा अंग मुडपून गोळा करावे म्हणजे खालचा प्रवाह ओढून पुढे टाकतो, आणि त्यानंतर दमलेल्या माणसाला श्वास घेण्यापुरते वर आणते ते जॅकेटच. स्पर्धेच्या जॅकेटला सुमारे ६ किलो धातूचे वजन तरंगते ठेवता आले पाहिजे अशी अट आहे, आणि त्याच्याशिवाय सुरुवातीच्या रेषेवर कोणाला उभेही करत नाहीत. जॅकेट सैल असेल तर ते मानेवरून निघून येते, म्हणून खांद्याला धरून दुसऱ्याने वर ओढून पाहिल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

हेल्मेटवर फार लिहीत नाही. उलटलेल्या माणसाचे डोके तळातल्या धोंड्यांच्या सर्वांत जवळ असते, आणि धोंडा समोरचा नवशिका आहे की निष्णात हे पाहत नाही.

उरले धरणाखालच्या पाण्याचे कलम. ते लोकांना फार पटते, कारण कुंडलिका खरोखरच धरणाच्या पाण्यावर वाहते. मुळशीच्या जलाशयाचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रात उतरते, वीज करून कुंडलिकेत येते, आणि म्हणूनच पावसाळा संपल्यावरही कोलाडला राफ्टिंग चालते. पण ते पाणी विजेसाठी सुटते, आपल्या शर्यतीसाठी नाही. केंद्र सुरू झाले की कोरडे दिसणारे धोंडे पाहता पाहता बुडतात, आणि बंद झाले की तेच धोंडे पुन्हा पाण्याच्या पातळीला येऊन बोटीच्या वाटेत उभे राहतात; सकाळी सुरक्षित वाटलेला मार्ग दुपारी तसा राहत नाही. माणसाच्या ताब्यातले पाणी काय करू शकते याचा दाखला आपल्याच देशात आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा सहलीचा व्यवस्थापक लारजी जलविद्युत प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. त्यांना पोहता येत होते की नाही हा प्रश्न तिथे गौण होता.

म्हणून भाचीला मी एवढेच सांगितले आहे की शर्यतीच्या सकाळी आयोजकांना सर्वांत आधी पाण्याची वेळ विचारावी: ते किती वाजता सुटणार, किती वाजता बंद होणार, आणि वेळापत्रक ऐनवेळी बदलले तर पात्रात असलेल्या स्पर्धकांना शिट्टी देऊन बाहेर काढण्याची जबाबदारी काठावर कोणावर आहे. या तिसऱ्या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर मिळाले नाही, तर तिघांनीही बोटी पुन्हा गाडीच्या टपावर बांधाव्यात.