‘रोज अर्धा तास फोन, ४० टक्के जास्त कॅन्सर’: हा आकडा आला कुठून?

सांगलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरून येतो. रोज अर्धा तास मोबाईल कानाला लावला तर दहा वर्षांत मेंदूच्या कॅन्सरचा धोका ४० टक्क्यांनी वाढतो, १३ देशांतल्या संशोधनात हे सिद्ध झालंय, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनंही ते मान्य केलंय, असा त्याचा मजकूर. खाली कुणीतरी पदरची भर घालतंच: ‘मिरजेच्या हॉस्पिटलांत जाऊन बघा, ट्यूमरचे पेशंट किती वाढलेत.’ मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे ‘सर, हे खरं का?’ हा प्रश्न माझ्याकडेच येतो. त्याचं उत्तर ग्रुपवर मावत नाही.

‘१३ देशांत सिद्ध झालंय.’ अभ्यास खरा आहे. त्याचं नाव इंटरफोन, तो छापून आला २०१० मध्ये. ३० ते ५९ वयाचे ब्रेन ट्यूमरचे पेशंट आणि त्यांच्याच वयाची निरोगी माणसं घेऊन दोघांनाही विचारलं, आजवर मोबाईलवर किती बोललात? एकूण बोलण्याच्या तासांनुसार नियमित मोबाईल वापरणाऱ्यांचे दहा गट पाडले. सगळ्यात वरचा गट १,६४० तास किंवा जास्त बोलणाऱ्यांचा, म्हणजे दहा वर्षं रोज साधारण अर्धा तास. या गटात ग्लायोमा या मेंदूच्या ट्यूमरचं प्रमाण, मोबाईल नियमित न वापरणाऱ्यांच्या तुलनेत, १.४० पट दिसलं. फॉरवर्डमधले ४० टक्के ते हेच.

आता त्याच तक्त्यातल्या उरलेल्या नऊ ओळी वाचा. नवांपैकी आठ ठिकाणी आकडा एकच्या खाली आहे, उरलेल्या एका ठिकाणी जेमतेम एकच्या वर. सरसकट मोबाईल वापरणाऱ्यांचा आकडा ०.८१. त्यावर विश्वास ठेवायचा तर मोबाईलवर बेतानं बोलणाऱ्याला कॅन्सर कमी होतो, असंही म्हणावं लागेल! फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं नऊ ओळी गाळून दहावी तेवढी उचलली. तक्ता घ्यायचा तर पुरता घ्या.

फोन काही औषध नव्हे, मग आकडा एकच्या खाली गेला कसा? गोम नमुन्यात आहे. मुलाखतीला बोलावलेल्या ग्लायोमाच्या पेशंटांपैकी ६४ टक्के आले, निरोगी माणसांपैकी ५३ टक्केच. धडधाकट माणूस म्हणणारच, मला काय झालंय म्हणून मी तासभर बसू? संशोधकांनी एक शहाणपणा केला. नकार देणाऱ्यांपैकी जे तयार झाले त्यांना दोन-चारच प्रश्न विचारले. त्यांतल्या निरोगी माणसांत नियमित मोबाईल वापरणारे ५६ टक्के निघाले, मुलाखतीला आलेल्या निरोगी माणसांत मात्र ६९ टक्के. म्हणजे ज्यांच्याशी तुलना करायची तो गटच मोबाईलवाल्यांनी फुगलेला होता, आणि त्यामुळे धोका असलाच तर तो कमी दिसणार. संशोधकांच्या हिशेबानं ही घट दहा टक्क्यांच्या आसपास. हा दोष मोबाईलच्या बाजूनं झुकतो, हे मी मुद्दाम सांगतोय. चुका काही एकाच दिशेला होत नाहीत.

दहाव्या ओळीतला दोष उलट्या दिशेचा आहे. सात-आठ वर्षांपूर्वी तुम्ही दिवसाला किती मिनिटं फोनवर बोलत होता? सांगून बघा. आणि ज्याच्या डोक्यात गाठ निघालीय तो तर ‘मलाच का?’ म्हणून जुना काळ उकरत बसलेला असतो. काही जणांनी दिवसाला बारा तासांहून जास्त बोलत होतो असं सांगितलं, आणि असली उत्तरं पेशंटांकडून आली. फोन कंपन्यांच्या नोंदींशी पडताळलं तेव्हा दिसलं की, काळ जितका जुना तितका पेशंटांचा अंदाज फुगत जातो. निरोगी माणसांचा तसा फुगत नव्हता. मोबाईल घेऊन दहा वर्षं उलटलेल्यांचा आकडा होता ०.९८, म्हणजे फरक शून्यच म्हणा. पूर्वग्रह आणि चुकांमुळे यातून कार्यकारणभाव काढता येत नाही, असं लेखकांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ते वाक्य फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही.

‘जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं.’ तिच्या कर्करोग संस्थेनं मे २०११ मध्ये मोबाईलच्या रेडिओ लहरींना ‘२ बी’ गटात टाकलं. त्याचा अर्थ ‘शक्यता नाकारता येत नाही, पुरावा तोकडा.’ कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे, कोरफडीच्या ज्यूसचे फॉरवर्ड मात्र त्याच ग्रुपवर सुखेनैव चालू असतात.

बरं, ४० टक्के खरे धरले तरी कशाचे? अमेरिकेत वर्षाला लाखात सुमारे सहा जणांना ग्लायोमा होतो. ते आठ-साडेआठ होतील.

‘मिरजेत जाऊन बघा.’ जरूर बघा, पण बाहेर लावलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेटही वाचा. मिरजेला सांगली-कोल्हापूरचेच नव्हे, बेळगाव-विजयपूरकडचेही पेशंट येतात. ओपीडीतली गर्दी सांगते ती मिरजेची ख्याती, आणि एमआरआय आता किती सहज होतो ते. भागाकारात खाली कोणती लोकसंख्या घ्यायची हेच जिथं ठरत नाही, तिथं ‘वाढले’ म्हणायला आधार काय? स्कँडिनेव्हियात कॅन्सरची नोंद कित्येक दशकं चोख ठेवलेली आहे. तिथं मोबाईल घरोघरी पोचले, ग्लायोमाचा दर त्यांच्यामागून चढला नाही.

‘मोबाईल शंभर टक्के सुरक्षित, डेन्मार्कनं दाखवून दिलं’ म्हणणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं. तिथल्या अभ्यासात ३,५८,४०३ ग्राहक फोन कंपन्यांच्या नोंदींवरून घेतले, आठवणीचा प्रश्नच नव्हता. पण कंपन्यांच्या नावावरची दोन लाखांवर कनेक्शनं वगळली, कारण ती कोण वापरतं ते कळत नव्हतं. ही माणसं हिशेबात गेली ‘फोन नसलेल्यां’त, आणि त्या काळात फोनवर सगळ्यात जास्त बोलणारी तीच असणार. मला अधिक भरवशाचा वाटतो तो २०२४ चा कॉसमॉस हा अभ्यास. त्यात अडीच लाखांहून जास्त माणसांचा वापर आधी नोंदवला आणि मग वाट पाहिली. ट्यूमर वाढलेले दिसले नाहीत. पाठपुरावा सरासरी सातच वर्षांचा आहे, एवढी त्याची मर्यादा.

‘पण लहान मुलांचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे. मोबी-किड्स या अभ्यासात १४ देश होते, भारतही. १० ते २४ वयाचे ८९९ ट्यूमरचे पेशंट घेतले. इंटरफोनमध्ये निरोगी माणसांनी पाठ फिरवली होती, म्हणून इथं तुलनेला घेतली अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेली मुलं. अपेंडिक्स गरीब-श्रीमंत बघत नाही, मोबाईलशी त्याचा संबंध नाही, आणि पलंगावर पडलेलं पोर मुलाखतीला सहसा नाही म्हणणार नाही, अशी त्यामागची कल्पना. धोका वाढलेला दिसला नाही. आकडे मात्र इथंही एकच्या खालीच राहिले. त्याचं एक संभाव्य कारण संशोधकांनी पेशंटांमध्ये शोधलं: ज्याला निदानाआधीच त्रास सुरू झालाय, त्याचा फोन आपोआप कमी होतो.