एका म्यानात गिट आणि सबव्हर्जन

गिट आणि सबव्हर्जन (एसव्हीएन) ही कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी दोन साधनं. त्यांच्याबद्दल प्रोग्रामरांच्या ग्रुपांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरत असतो: "प्रोजेक्ट सबव्हर्जनवर असेल तर गिटचं नाव काढू नका. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. सगळं गिटवर न्या, नाहीतर गप्प बसा." खाली तीन कारणंही असतात. म्हण झकास आहे, पण इथे बसत नाही.

पहिलं कारण, कंपनीची परवानगी लागते. कशाला? गिट-एसव्हीएन (गिटमधून सबव्हर्जनच्या सर्व्हरवर काम करू देणारं साधन) हे गिटसोबतच येतं (उबुंटूवर तेवढं वेगळं पॅकेज टाकावं लागतं) आणि सर्व्हरवर काहीही बसवावं लागत नाही. तुमच्याच लॉगिनने रिव्हिजन (सबव्हर्जनमधली बदलाची क्रमांकित नोंद) जाते. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाचा मूळ कोड २०१९ पर्यंत सबव्हर्जनवर होता आणि तिथे कित्येक जण गिटमधूनच कमिट (बदलांची नोंद) करत होते.

दुसरं, क्लोन करायला (कोड इतिहासासकट उतरवून घ्यायला) दिवस जातात. हे अर्धं खरं आहे. इतिहास एकेक रिव्हिजन करत उतरतो, त्यामुळे जुन्या प्रोजेक्टला रात्रभर लॅपटॉप चालू ठेवायची वेळ येते. पण अख्खा इतिहास हवाय कुणाला? '-आर' देऊन गेल्या वर्षभराच्या रिव्हिजन घ्या आणि कामाला लागा.

तिसरं, इतरांचा इतिहास बिघडतो. भीती खोटी नाही, पण दोष भलत्यालाच दिलाय. डीकमिट केलं (गिटमधले कमिट सबव्हर्जनला पाठवले) की तुमचा प्रत्येक कमिट एक साधी रिव्हिजन होऊन जातो. मग स्थानिक कमिट नव्याने लिहिला जातो, संदेशाखाली 'गिट-एसव्हीएन-आयडी'ची ओळ चिकटते आणि हॅश (कमिटची ओळखखूण) बदलतो. म्हणून तेच कमिट आधी दुसऱ्या कुणाला पुश करून ठेवू नयेत. बाकी टीमला यातलं काही दिसतही नाही.

खरा खड्डा मर्जमध्ये (एका ब्रँचचं, म्हणजे शाखेचं, काम दुसरीत मिसळण्यात) आहे आणि त्यात मी स्वतः पडलोय. ट्रंकवर (सबव्हर्जनमधल्या मुख्य शाखेवर) बरेच दिवस काही हललं नव्हतं. मी रिलीज ब्रँच मास्टरमध्ये (गिटमधल्या माझ्या मुख्य ब्रँचमध्ये) मर्ज केली, तर गिटने मर्ज कमिट न करता फास्ट-फॉरवर्ड केलं, म्हणजे मास्टर नुसती रिलीज ब्रँचच्या टोकावर सरकवली. वर माझे तीन कमिट टाकले आणि डीकमिट मारलं. डीकमिट मागे जात शेवटची आयडी शोधतं, आणि ती निघाली रिलीज ब्रँचची! अर्धवट काम थेट ग्राहकाकडे जायच्या ब्रँचवर. तेव्हापासून दोन सवयी लागल्या: मर्जला '--नो-एफएफ' (फास्ट-फॉरवर्ड नको), आणि डीकमिटच्या आधी '--ड्राय-रन', म्हणजे माल कुठे जाणार ते आधीच दिसतं. रोजच्या कामात तर मर्ज नकोच, रिबेस करून (आपले कमिट ताज्या रिव्हिजनच्या पुढे लावून) सरळ रेषेत जावं. सबव्हर्जनला तीच रेष कळते.

त्या सल्ल्यात नसलेली एक अडचण मात्र खरी आहे. एसव्हीएन:एक्स्टर्नल्स (दुसरीकडचा कोड आपल्या फोल्डरात जोडायची सबव्हर्जनची सोय) गिट-एसव्हीएन आपोआप आणत नाही आणि फाइल लॉक त्याच्या गावीही नाही. आमच्याकडे डिझाइनच्या फायली लॉक करूनच उघडतात. त्या फोल्डरचा मी वेगळा, साधा सबव्हर्जन चेकआउट ठेवलाय. तिथे गिटला फिरकू देत नाही.